चिकूच्या डहाळीची शरणागती

बोईसरमध्ये ग्रीक देव शिकवून पोट भरलेली बाई बहुधा मी एकटीच असेन. इथली बाकीची माणसं कारखान्यांत औषधं बनवतात, कापड रंगवतात, पोलादाला आकार देतात. मी झ्यूस आणि हेरा यांची भांडणं शिकवली. निवृत्तीच्या समारंभात आमच्या एका सहकाऱ्याने भाषणात मला ‘ग्रीक देवांची तारापूर एमआयडीसीतली अधिकृत विक्रेती’ म्हटलं, आणि लोक पोट धरून हसले. मीही हसले, कारण माल फारसा खपला नव्हता हे मला माहीत होतं.

आमच्या कॉलेजात इतिहास घेणाऱ्या बी.ए.च्या मुलांना ‘प्राचीन संस्कृती’ हा ऐच्छिक विषय असे. मुलं तो आवडीने घेत असं मी कधी मानलं नाही. त्याचा तास सफाळ्याकडे जाणाऱ्या गाडीच्या वेळेशी जुळायचा, एवढंच त्याचं आकर्षण. वर्गात किनाऱ्यावरच्या मासेमारांची मुलं असत, डोंगरपट्ट्यातून येणारी असत, आणि कारखान्यांत कामाला आलेल्या उत्तरेकडच्या कुटुंबांतलीही असत. अशांना अडीच हजार वर्षांपूर्वीचे लोक देवाधर्माचं काय करत हे कशासाठी सांगायचं, असा प्रश्न मला सुरुवातीला पडायचा. पाठ्यपुस्तकात तर देवांची नुसती वंशावळ होती. ती सांगितली की मागच्या बाकांवर माना पडत.

मग मी मुलांना ग्रीक माणसाच्या घरात न्यायला लागले. फळ्यावर घराचा नकाशा काढायचा आणि दारापासून सुरुवात करायची. दाराबाहेर हर्मीसचा दगडी खांब, वाटेचा आणि उंबऱ्याचा राखणदार. कोठीच्या खोलीत एक रांजण, त्यात पाणी, तेल आणि थोडं धान्य, आणि तो रांजण म्हणजेच झ्यूस. आकाशात वीज पाडणारा झ्यूस इथे कोठीतल्या डाळतांदळाची राखण करतो म्हटल्यावर वर्ग जागा व्हायचा. एकदा डोंगराकडची एक मुलगी म्हणाली, “आमची धान्याची देवी, कणसरी, ती पण कणगीतच ऱ्हाते.” शेजारचा मुलगा म्हणाला, “मॅडम, हमारे यहाँ तो लक्ष्मीजी अलमारी में रहती हैं.”

घराच्या मध्यभागी चूल, तिची देवी हेस्टिया. जेवणाआधी पहिला वाटा तिचा. मूल जन्मलं की त्याला घेऊन चुलीभोवती फिरायचं, तेव्हा ते घरचं झालं. नवी नवरी आली की तिला चुलीपाशी बसवून डोक्यावर सुकी अंजिरं आणि बदाम-अक्रोड ओतायचे. या लोकांना पवित्र असा एकच ग्रंथ नव्हता, आठवड्याची प्रार्थना नव्हती, आणि पुजारी बरेचदा वर्षभरासाठी नेमलेला एखादा साधा नागरिक असे. देव पाणी भरण्यासारखाच रोजच्या कामात मिसळलेला.

हे सगळं ऐकून मुलं म्हणायची, “हे तर आमच्यासारखंच हाय.” त्यावर मी म्हणायचे, “सारखं दिसतं म्हणून एकच समजू नका.” हे वाक्य परीक्षेत कोणी लिहिलं नाही. ‘हेरा ही स्वभावाने कडक असल्याने ऑलिंपस पर्वतावर कोणी फारसे जात नसे’ असं मात्र एकाने लिहिलं. मी त्याला अर्धा गुण दिला.

अशाच एका तासाला मी शरणागताचा नियम शिकवला होता. संकटात सापडलेला माणूस एखाद्या देवळात वेदीपाशी किंवा कोणाच्या घरी चुलीपाशी जाऊन बसायचा. हातात ऑलिव्हची डहाळी, तिला लोकर गुंडाळलेली. असा माणूस बसला की त्याला हात लावायचा नाही, ओढून न्यायचं नाही. त्याचा सांभाळ खुद्द झ्यूस करतो. किनाऱ्यावरच्या दांडी गावची हर्षाली पुढच्या बाकावरून टिपून घेत होती. तिने एवढंच विचारलं, “आणि घरवाल्याने हाकललं तर?”

“तर झ्यूसचा कोप,” मी म्हटलं आणि पुढच्या मुद्द्यावर गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, मी पोह्यांना फोडणी देत असताना बेल वाजली. आमच्या ह्यांनी दार उघडलं. हर्षाली आत आली, चपला काढल्या, ह्यांना वाकून नमस्कार केला आणि सरळ स्वयंपाकघरात येऊन गॅसच्या सिलिंडरला टेकून फरशीवर बसली. हातात चिकूची डहाळी होती. तिला लाल लोकर गुंडाळली होती.

“अगं, हे काय?” मी विचारलं.

“मॅडम, मी शरण आलेय. लोकर पांढरी मिळाली नाय, शिवणक्लासची हाय. ऑलिव्ह तर इथं नायच.”

आमचे हे तारापूरच्या एका रसायन कारखान्यात सुरक्षा विभागात होते. ते दारातून म्हणाले, “आधी सिलिंडरपासून लांब बस. तुझा झ्यूस वीज पाडणारा आहे ना?”

ती अर्धा हात सरकली, पण उठली नाही. मी तिच्यासमोर पोह्यांची बशी ठेवली. आधी खायला घालायचं आणि मग चौकशी करायची हासुद्धा ग्रीकांचाच नियम, आणि तो मी त्याच तासाला शिकवला होता. तिने खाल्लं आणि सांगितलं.

हर्षालीचा साखरपुडा दिवाळीनंतर झाला होता. मुलगा वाणगावच्या बाजूचा, मितेश नावाचा, मालवाहू जहाजावर नोकरीला. लग्न मे महिन्यात करायचं ठरलं होतं. पण कंपनीने त्याला लवकर बोलावलं, आणि मुलाकडच्यांनी लग्न अलीकडे आणलं. नवी तारीख नेमकी तिच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत येत होती.

“मितेश नको आहे का तुला?”

“मितेश बरा हाय. तारीख बरी नाय.”

“मग परीक्षा नंतर देता येईल की. पुढच्या वेळेला.”

“सासूबाई पण तसंच बोलल्या. लग्न होऊ दे, मंग परीक्षेचं बघू. मॅडम, माझ्या ताईला पण तिच्या सासरी ‘बघू’ म्हटलं होतं. तिचा पोरगा आता तिसरीत हाय. अजून बघतायत.”

घरात बाबांना दोनदा सांगून झालं होतं. बाबा म्हणाले होते, शब्द दिलाय. त्यापुढे बोलणं संपलं होतं.

मी पहिलं काम केलं ते तिच्या वडिलांना फोन करण्याचं. मुलगी माझ्याकडे आहे, सुखरूप आहे, तुम्ही या. दुसऱ्याच्या लेकीला घरात बसवून ठेवायचं आणि मजा बघायची, असा शरणागताचा नियम ग्रीकांतही नव्हता. हर्षालीने तक्रार केली नाही. तिने डहाळी मांडीवर आडवी धरली आणि भिंतीला टेकून बसली. तिच्यावरची लोकर ती पुन्हा पुन्हा सोडवून गुंडाळत होती, ते मला तेव्हा दिसलं. तोवर मला हा सगळा प्रकार थोडा गमतीचा वाटत होता.

दुपारच्या आत तिचे वडील, मोरेश्वरभाऊ, आले. स्वतःची बोट असलेला, बोटीवर सगळ्यांनी ज्याचं ऐकायचं असा हा तांडेल. खांदे दाराएवढे. मागे त्यांची मोठी बहीण हिरूआत्या. हर्षाली लहान असतानाच तिची आई गेली, तेव्हापासून घर आत्याच्या शब्दावर चालतं हे मला ठाऊक होतं.

मोरेश्वरभाऊ उंबऱ्याबाहेरच थांबले. “तिला बाहेर पाठवा.”

“आत या. चहा घ्या, मग बोलू.”

“चहा नको.”

“मला हवाय,” हिरूआत्या म्हणाल्या आणि त्यांना बाजूला सारून आत आल्या. स्वयंपाकघरात डोकावून त्यांनी भाचीकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या डहाळीकडे. “हे काय गो, गुढी हाय? पाडव्याला तर अजून वेळ हाय.”

मी सगळं सांगितलं. ग्रीकांची चूल, डहाळी, लोकर, झ्यूस. मोरेश्वरभाऊ हाताची घडी घालून ऐकत होते. मग म्हणाले, “आमी पोरीला कॉलेजात घातली, तुमी तिला दुसरा धर्म लावला?”

“तो धर्म आता कोणी पाळत नाही, भाऊ. मी फक्त शिकवते.”

“पाळत नाय कसं? ही बसलीय ना पाळत.”

आमचे हे पेपरामागे तोंड लपवून हसले. मला हसता आलं नाही, कारण भाऊंचं म्हणणं खोडता येत नव्हतं.

“बरं, त्या लोकांत पुढं काय व्हायचं? म्हणजे बसली, मंग?” त्यांनी विचारलं.

“ज्याच्या घरी बसली त्याने तिची बाजू मांडायची.”

“म्हणजे तुमी.”

“म्हणजे मी.”

मी मांडली. परीक्षा दोन आठवड्यांची, नंतरचं आयुष्य मोठं, असं काहीतरी बोलले. वर्गात सराईत बोलणारी मी, त्या दिवशी माझ्याच स्वयंपाकघरात अडखळत होते. मोरेश्वरभाऊ शांतपणे म्हणाले, “तुमी बोलता ते चूक नाय. पण मी देवीसमोर नारळ ठेवून या नव्या तारखेचा शब्द दिलाय. दर्यावर माझ्या बोटीत आठ माणसं माझ्या शब्दावर येतात. मी घरात शब्द फिरवला तर ती कशाला येतील?”

शब्द पाळणं त्यांच्यासाठी पोकळ मोठेपणा नव्हता हे मला कळत होतं. मी म्हटलं, “ग्रीकांतही शपथेचा राखणदार झ्यूसच. शपथ मोडणाऱ्याला तोच शिक्षा करी.”

“आणि हिचा राखणदार?”

“तोही झ्यूसच.”

“एकच देव?”

“एकच.”

“मंग तो कोणाचं ऐकायचा?”

“त्यावर त्यांनी नाटकं लिहिली.”

“आमाला नाटक नको, मॅडम. आमाला तारीख पायजे.”

चहा संपवून हिरूआत्यांनी कप खाली ठेवला. “शब्द देवीसमोर दिला ना? मंग देवीलाच विचारा. इथं बसून काय होणार?”

हर्षाली पहिल्यांदा बोलली. “मॅडम पण येतील.”

त्याच दुपारी आम्ही सगळे दांडीला गेलो. गावदेवीचं देऊळ समुद्राच्या अंगाला आहे. कौल घ्यायची तिथली रीत साधी. पुजारी देवीच्या पाषाणाला डावीउजवीकडे फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, विचारणारा मनातलं मोठ्याने बोलतो, आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ग्रीक लोक डेल्फीला जाऊन हेच करत, तिथे देवाच्या वतीने एक बाई बोलायची. मी हे कित्येक वर्षं शिकवलं होतं, पण कौलाच्या निकालावर माझ्या ओळखीच्या माणसाचं काही अवलंबून आहे अशी वेळ कधी आली नव्हती. शिकवताना मी म्हणायचे, ग्रीक माणूस देवाकडे सल्ला मागायला जाई. त्या मंडपात उभं राहिल्यावर कळलं की त्याचे तळहात घामाने ओले होत असणार.

मोरेश्वरभाऊंनी हात जोडले. “आई, शब्द दिलाय. ठरल्या तारखेला लग्न करू?”

उजवी पाकळी जवळजवळ लगेच पडली.

हर्षालीने डहाळी बरोबर आणली होती. ती तिने हळूच खाली ठेवली. रडली नाही, तक्रार केली नाही. नियमाने खेळून हरलेल्या माणसासारखी ती उभी होती, आणि तिच्याकडे बघवत नव्हतं. बापाला ते दिसलं. कौल मिळूनही भाऊ हललेच नाहीत. जिंकलेल्या माणसाने निघून जायला हवं होतं.

मग ते माझ्याकडे वळले. “मॅडम, तुमच्या त्या लोकांत दुसऱ्यांदा विचारायची सोय होती?”

“होती. अथेन्सवर मोठी फौज चालून आली तेव्हा त्यांनी कौल लावला. देवाने सांगितलं, पळून जा. मग ते हातात डहाळ्या घेऊन पुन्हा गेले आणि म्हणाले, आम्हाला जरा बरा कौल दे, नाहीतर आम्ही इथून हलत नाही.”

“दिला?”

“दिला. आधीपेक्षा बरा.”

मोरेश्वरभाऊ वाकले, लेकीने ठेवलेली डहाळी उचलली आणि देवीसमोर नारळाशेजारी ठेवली. पुजाऱ्याला म्हणाले, “परत लाव. मी प्रश्न नीट विचारला नाय.”

पुजारी कुरकुरला, पण तांडेलापुढे फार कुरकुरता येत नाही. त्याने नव्या पाकळ्या लावल्या. भाऊ म्हणाले, “आई, पोरीची परीक्षा होऊ दे. जावई दर्यावरून परत आला का त्याच मांडवात लग्न लावतो. असं केलं तर मी शब्द पाळला असं धरशील?”

पाकळ्या हलल्या नाहीत. आम्ही बसलो. समुद्राचा आवाज येत होता, पाषाणावरचं पाणी ओघळून वाळत होतं, आणि पाकळ्या डिंकाने चिकटवल्यासारख्या तशाच. हर्षाली डोळे मिटून बसली होती. भाऊ डोळे उघडे ठेवून.

मंडपात कोणीतरी दान दिलेला उभा पंखा होता. हिरूआत्या उठल्या. “बाय, काय उकाडा हाय,” असं म्हणत त्यांनी पंख्याचं बटण दाबलं आणि त्याचं तोंड जरा फिरवलं. उजवी पाकळी थरथरली आणि पडली.

आत्या परत येऊन जागेवर बसल्या आणि पदराने मान पुसायला लागल्या. पुजाऱ्याने पंख्याकडे पाहिलं, मग आत्यांकडे, मग घंटा वाजवली. मोरेश्वरभाऊंनी डोकं टेकलं. त्यांनी पंखा पाहिला नसेल असं मला वाटत नाही. मी विद्यापीठात शोधनिबंध वाचलेली बाई, ग्रीक कौलांमागच्या मानवी हातांवर बोललेली. त्या क्षणी मात्र मी मनापासून हात जोडले. देवीला पंख्यातून बोलावंसं वाटलं तर तिला नको म्हणणारी मी कोण?

दुसऱ्या दिवशी भाऊ स्वतः मुलाकडे गेले. तिथे थोडी बोलाचाली झाली. होणाऱ्या सासूबाई रुसल्या. मितेशला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “मला घाई नव्हतीच. मला कोणी विचारलंच नाय.” त्याने जहाजावर जाण्याआधी हर्षालीला चांगला पेन दिला, आणि आत्यांनी तो आम्हा सगळ्यांना दाखवला.

परीक्षेच्या आधी हर्षालीने शरणागताचा नियम इतका घोकला की तिला तो झोपेत विचारला असता तरी सांगितला असता. प्रश्नपत्रिकेत आला रोमन कायदा. ती द्वितीय श्रेणीत पास झाली, पुढे बी.एड. केलं, आणि आता वाणगावजवळच्या शाळेत शिकवते. लग्न मितेश परतल्यावर, मार्गशीर्षात झालं. सासूबाई वरातीत सगळ्यांत पुढे नाचत होत्या.

मी निवृत्त झाले त्या वर्षी ‘प्राचीन संस्कृती’ हा विषय कॉलेजने बंद केला. मुलं मिळत नव्हती. त्याचं मला वाईट वाटतं, आणि जिथले देव आयुष्यभर शिकवले तो देश एकदाही पाहिला नाही याचंही. मितेशची बोट तिकडच्या बंदराला लागली होती. त्याने फोनवर सांगितलं, “मॅडम, इथं सगळे चर्चला जातात. तुमचे देव फक्त म्युझियममध्ये हायत, आणि त्यातल्या पुष्कळांना हात नायत.” त्याने एकाचा फोटो पाठवला. तो आमच्या फ्रिजवर लावलेला आहे.

पण मला शेवटी सांगायचंय ते हर्षालीच्या लग्नाआधीच्या नारळी पौर्णिमेचं. भाऊंनी मला आणि ह्यांना दांडीला बोलावलं होतं. किनाऱ्यावर बोटी सजवल्या होत्या, पताका लागल्या होत्या, बायका नव्या लुगड्यांत गाणी म्हणत होत्या. भाऊ पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात गुडघाभर पाण्यात उभे होते. सोनेरी कागद लावलेला नारळ त्यांनी दर्याला दिला, हात जोडले, मग पाण्यातूनच मला हाक मारली. मी साडी सावरत पुढे गेले.

“मॅडम, त्या तुमच्या लोकांचा दर्या कोणाच्या हातात होता?”

“पोसायडनच्या. म्हातारा, दाढीवाला. हातात त्रिशूळ. फार रागीट.”

“त्याला काय द्यायचे?”

“बैल. कधी घोडेसुद्धा पाण्यात सोडत.”

“आणि आता कोण देतं?”

“आता कोणी नाही देत.”

“मितेशची बोट तर तिकडनंच जाते ना?”

“हो. जाते कधीकधी.”

त्यांनी पश्चिमेकडे पाहिलं. मग बोटीवरच्या माणसाला त्यांनी खूण केली. त्याने साधा नारळ वरून टाकला, सोनेरी कागद नसलेला. भाऊंनी तो झेलला, समुद्राच्या पाण्याने धुतला, कपाळाला लावला आणि पूर्ण ताकद लावून लांब फेकला.

“हा त्या म्हाताऱ्याला,” ते म्हणाले. “किती वर्षांचा उपाशी असेल तो.”